तिसरी नर्स

माधवी शेलारला बदलापूरच्या शिरगावात माधवी अशी हाक कोणी मारत नाही. लहानथोर सगळे सिस्टरच म्हणतात. भाजीवाली म्हणते, बिल्डिंगचा वॉचमन म्हणतो. एकदा तर सख्ख्या दिराने फोनवर "सिस्टर, दादा आहे का?" असं विचारलं आणि मग स्वतःच जीभ चावली. वय सत्तेचाळीस, अंगाने किरकोळ, चालणं भराभर, बोलणं मोजकं. अंबरनाथ पूर्वेला एका लहानशा हॉस्पिटलात प्रसूती विभाग तिच्या ताब्यात आहे. दहा खाटांचा वॉर्ड, लेबर रूममध्ये दोन टेबलं, आणि कळा सुरू झालेल्या बायकांसाठी शेजारची एक खोली. सतरा वर्षं ती तिथे आहे. बदलापूरच्या अर्ध्या शाळकरी पोरांना मी उघडं पाहिलंय, असं ती म्हणते, आणि ते फारसं खोटं नाही.

माहेर बारवी धरणाच्या पलीकडचं. जंगलाला टेकलेली पंधरा-वीस घरांची वाडी, पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात थोडीफार भाजी. वाडीची सुईण राजाबाई म्हणून होती. माधवी बारा-तेरा वर्षांची असताना राजाबाई तिला पाणी तापवायला, फडकी द्यायला सोबत नेई. पोरगी घाबरत नाही, एवढीच तिची पात्रता. राजाबाईचा एक नेम होता. बाळंतीण मोकळी होऊन, वार पडून, बाळ छातीला लागेपर्यंत ती जागची हलत नसे. दुसऱ्या घरून बोलावणं आलं तर सांगे, "माजे हात गुंतलेत. माज्या जावंला ने." आणि जाऊबाई खरंच जाई. दोघींनी मिळून तीन वाड्या सांभाळल्या.

पुढे माधवी ठाण्याला नर्सिंग शिकली. तिथे पुस्तकातही तेच निघालं, फक्त इंग्रजीत. कळा देणाऱ्या बाईपाशी एक नर्स, आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी तपासणी. परीक्षेत तिने ते लिहिलं, मार्क मिळवले, आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात पाहिलं की जगात असं कुठे होत नाही.

या हॉस्पिटलच्या मालकीण डॉक्टर रोहरा. राहायला उल्हासनगरात, साठी ओलांडलेली, हात कमालीचा हलका आणि आवाज कमालीचा मोठा. त्यांचं मराठी सिंधी-हिंदीच्या फोडणीचं. रागावल्या की ते पूर्ण हिंदी होई आणि लाड करायचे असले की एकदम शुद्ध. माधवीवर त्यांचा जीव होता. पण नर्सेसच्या बाबतीत त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "देखते हैं." पूर्वी दुपारच्या पाळीला तिघी असत. एक ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली, तिची जागा रिकामी राहिली. मग दोघींची सवय झाली. सवय झाली की कमतरता दिसेनाशी होते, तसंच झालं.

जानेवारीतला मंगळवार होता. दुपारी दोन ते आठच्या ड्युटीवर माधवी आणि अक्षदा. अक्षदा तेवीस वर्षांची, कोर्स संपवून सहा महिनेच झालेले, हुशार पण अजून प्रत्येक गोष्ट विचारून करणारी. मदतीला जनूमावशी. ती आया; साफसफाई, चहापाणी, बेडपॅन, सगळं तिच्याकडे. वॉर्डात सहा बाळंतिणी होत्या, त्यांतली एक सकाळीच सिझेरियन झालेली. कळांच्या खोलीत तिघी.

तिघींपैकी भाविका पहिली मोकळी झाली. सोनिवलीची पहिलटकरीण. तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली, रडली, सगळं वेळेवर. माधवीने टाके घातले, पोट दाबून पाहिलं, बीपी घेतलं आणि तिला वॉर्डात सहा नंबरच्या खाटेवर आणलं. सोबतीला सासू होती, सगुणाबाई. हिरवी साडी, हातभर बांगड्या, नातीला मांडीवर घेऊन बसलेली.

"पंधरा मिनिटांनी येते हां, मावशी," माधवी म्हणाली.

ती गेली आणि तिकडे दुसरीला जोराच्या कळा आल्या. तिच्या बाळाचे ठोके मधेच मंदावत होते, म्हणून टेबलापासून हलता येईना. अक्षदा तिसरीपाशी. ती बाई इतकी घाबरली होती की अक्षदाचा हात सोडायला तयार नव्हती. सिझेरियनवालीचं सलाइन संपत आलं होतं, ते जनूमावशीने ओरडून सांगितलं. पंधरा मिनिटांची वीस झाली, वीसची चाळीस.

लेबर रूमच्या दारात सगुणाबाई येऊन उभी राहिली. नात कडेवर.

"बाय, जरा येतंस का? माजी सून थंड परलीय. बोलत नाय."

त्या वेळी टेबलावरच्या बाईच्या बाळाचं डोकं बाहेर आलेलं होतं. माधवीचे दोन्ही हात त्या बाळाला लागलेले. तिने मान वळवून जनूमावशीला ओरडून सांगितलं, "मॅडमना ओपीडीतून वर आणा, पळत! आणि सहा नंबरच्या पायाखाली उशा घाला!" मग एकेक खांदा सोडवला. दीड मिनिट लागलं असेल. पुढे कित्येक दिवस ती म्हणायची, ते दीड मिनिट माझ्या सतरा वर्षांपेक्षा लांब होतं. बाळ रडलं, तिने ते अक्षदाच्या हातात दिलं. अक्षदाला आपल्या बाईचा हात सोडवून यावं लागलं. आणि माधवी धावली.

भाविका पांढरीफटक. चादर बाजूला केली तर खाली सगळं भिजलेलं. पोटावर हात ठेवला तर गर्भाची पिशवी आवळलेलीच नव्हती, हाताला लोण्यासारखी मऊ लागत होती. लघवी तुंबून मूत्राशय फुगलं होतं, त्यामुळे पिशवीला आवळायला जागाच नव्हती. माधवीने नळी घालून लघवी काढली, एका हाताने पोट चोळत राहिली आणि दुसऱ्या हाताने इंजेक्शन भरलं. तोवर डॉक्टर रोहरा जिना चढून आल्या, एका पायात चप्पल आणि एक पाय मोकळा. दोन्ही हातांना सलाइन लागलं. भाविकाचा नवरा अमित खाली उभा होता, त्याला चिठ्ठी देऊन रक्ताच्या बाटल्या आणायला उल्हासनगरला पिटाळलं. तो बाइकवरून गेला आणि इतक्या लवकर परत आला, की कसा गेला ते कोणी विचारलं नाही.

सहा वाजता भाविकाने डोळे नीट उघडले. "चहा मिळेल का?" म्हणाली. जनूमावशी तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. डॉक्टर रोहरांनी माधवीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. आज तू बचाया है उसको."

माधवी हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईने पेढ्यांचा मोठा बॉक्स आणला आणि वयाने पंधरा वर्षं मोठी असून माधवीच्या पाया पडायला वाकली. माधवीने तिला मधेच धरलं. "मावशी, असं करू नका. तुम्ही आलात म्हणून कळलं. मी आले नव्हते." सगुणाबाईला त्याचा अर्थ लागला नाही. ती पेढा भरवूनच गेली.

पेढ्याचा बॉक्स घरी आला तेव्हा भगवंत, म्हणजे माधवीचा नवरा, गॅलरीत बसून पेपर वाचत होता. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तो बॉयलरवर आहे, बावीस वर्षं. माणूस शांत. बायको घरी आली की आधी चहा देतो आणि मग विचारतो. त्याने विचारलं, आणि माधवीने सगळं सांगितलं.

"मग वाचली ना?"

"वाचली. पण अहो, मी पंधरा मिनिटांनी येते म्हणून सांगितलं आणि चाळीस मिनिटं गेले नाही. सासू म्हातारी पण शहाणी म्हणून. ती पेंगली असती तर?"

भगवंतने पेपरची घडी केली. "आमच्याकडे बॉयलरवर दोन माणसं नसली तर बॉयलर पेटवत नाहीत. एकदा मालकाचा जावई आला होता, म्हणाला माल अर्जंट आहे, पेटवा. शिफ्टवाल्याने सांगितलं, साहेब, दुसरा माणूस आणा, लगेच पेटवतो."

"आणि जावयाने ऐकलं?"

"ऐकतो कसा नाही. फुटला तर तोही तिथेच उभा होता की."

माधवी हसली. पण ते वाक्य तिच्या डोक्यात बसलं.

गुरुवारी ओपीडी आटोपल्यावर ती डॉक्टर रोहरांच्या केबिनमध्ये गेली. सतरा वर्षांत ती तिथे रजेच्या अर्जाशिवाय दुसऱ्या कशासाठी क्वचितच गेली असेल. डॉक्टर डबा उघडून बसल्या होत्या.

"बस. दाल पकवान आहे, खा."

"मॅडम, आधी बोलते. दुपारच्या पाळीला तिसरी नर्स पाहिजे."

"अगं, मिळत नाहीत! मी पेपरमध्ये दिलं, एजन्सीला सांगितलं. एक आली ती बोलली दुबईला जायचंय, दो महिने करूंगी. तुला वाटतं मी कंजूसी करते?"

"नाही मॅडम. पण तिसरी मिळेपर्यंत एका वेळी दोनच बायका कळांवर घ्यायच्या. दोघी घेतल्या की तिसरीला दुसरीकडे पाठवायचं."

डॉक्टरांनी पकवानाचा तुकडा खाली ठेवला. "पेशंट वापस भेजूं? तीस साल में मैंने दरवाजे से किसी को वापस नहीं भेजा."

"परत नाही पाठवायचं. तपासायचं, वेळ असेल तर फोन करून, आपली गाडी आणि आपलं माणूस देऊन पोचवायचं. वेळ नसेल तर घ्यायचंच, आणि तुम्ही ओपीडी सोडून वर यायचं. तुम्ही तिसरी नर्स."

"मैं?"

"मंगळवारी तुम्ही आलातच ना. एक चप्पल खाली ठेवून."

डॉक्टर रोहरांनी डब्याचं झाकण लावलं. ही बाई आता हिंदीत सुरू होणार, असं माधवीला वाटलं. पण डॉक्टर मराठीतच बोलल्या, हळू.

"चाळीस मिनिटं तिला कुणी बघितलं नाही. मला फाइलमध्ये दिसलं. मी झोपले नाही त्या रात्री." मग नेहमीचा आवाज परत आला. "ठीक आहे. दोनच. पण नर्स तू शोधून आण. एक महिना देते. मला मिळत नाहीत, तुला मिळतात का बघू."

परीक्षा आठवडाभरातच आली. सोमवारी दुपारी दोघी कळांवर असताना तिसरी दारात, आणि ती डॉक्टर रोहरांच्या जुन्या मैत्रिणीची सून. मैत्रीण स्वतः सोबत. डॉक्टरांनी आधी सुनेकडे, मग माधवीकडे पाहिलं. माधवीने पोरीला तपासलं. नुकत्याच कळा लागल्या होत्या, बाळाचे ठोके छान, निदान पाच-सहा तास तरी होते. तिने अर्ध्या किलोमीटरवरच्या हॉस्पिटलला फोन केला, तिथल्या सिस्टरला सगळं सांगितलं आणि जनूमावशीला सोबत देऊन गाडी पाठवली. मैत्रीण जाताना काय काय बोलली ते सगळ्या जिन्याने ऐकलं. डॉक्टर दोन दिवस माधवीशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला, नातू झाला, नऊ पौंडी. डॉक्टरांनी वॉर्डात येऊन ती बातमी माधवीला सांगितली आणि मग ती आपल्याला आनंदाने सांगायची नव्हती हे आठवून तोंड फिरवलं.

नर्स शोधायच्या कशा, हे मात्र माधवीला कळेना. ओळखीच्या होत्या त्या सगळ्या कुठे ना कुठे चिकटलेल्या. दुसऱ्याची नर्स पळवायची तर तिकडच्या बाळंतिणी वाऱ्यावर पडणार, ते तिला पटत नव्हतं.

अशात भाविकाच्या मुलीचं बारसं आलं. सगुणाबाई स्वतः बोलावणं घेऊन हॉस्पिटलात आली. "तू नाय आलीस तं पाळना हलनार नाय," म्हणाली. त्यांचं घर सोनिवलीच्या नव्या इमारतींमध्ये, चौथ्या मजल्यावर. जिथे इमारत उभी आहे तिथेच पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं, आणि सगुणाबाई अजूनही पार्किंगच्या कोपऱ्याला 'वरची बांधी' म्हणते. संक्रांतीचे दिवस होते, म्हणून तिने बारशालाच हळदीकुंकू जोडलं आणि पूर्ण इमारतीतल्या बायकांना बोलावलं. चाळीसेक बायका. कोणी कोकणातली, कोणी सातारा-सांगलीकडची, कोणी जळगावची. नवऱ्याच्या नोकरीपायी आणि घराच्या किमतीपायी सगळ्या इकडे येऊन राहिलेल्या.

सगुणाबाईच्या मनात मुलीचं नाव माधवी ठेवायचं होतं. भाविका आणि अमितने मोबाइलवर बघून आधीच आर्वी ठरवलं होतं. दोन्हीकडून ओढाताण चाललेली पाहून माधवीच म्हणाली, "आर्वीच ठेवा. माधवी नावाच्या बायकांना फार काम पडतं." सगळ्या हसल्या आणि पाळणा हलला.

तिळगूळ वाटून झाल्यावर, बायका वाणाच्या स्टीलच्या वाट्या निरखत बसल्या असताना, माधवी उठून उभी राहिली. असं चारचौघींत बोलायची तिला सवय नव्हती. पदर सारखा केला आणि म्हणाली, "एक विचारते. तुमच्यात कोणी नर्स आहे का हो?"

मग खिडकीशी बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "मी होते."

ती तेजल. कराडकडची, एकतीस वर्षांची, पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात चार वर्षं लेबर रूमला काम केलेली. लग्न होऊन इकडे आली, मुलगा झाला, नोकरी सुटली. मुलगा आता साडेतीन वर्षांचा. नवरा सकाळी सातला जातो आणि रात्री नऊला येतो.

"परत करावंसं वाटत नाही?" माधवीने विचारलं.

"रोज वाटतं, ताई. दोन ठिकाणी विचारलं पण. बारा तासांची ड्युटी म्हणाले. मुलाला कुठे ठेवू?"

"शाळा किती वाजता?"

"दुपारची आहे. साडेबाराला सोडते, पाचला आणते."

"म्हणजे साडेचार तास तू रिकामी."

तेजल हसली. "साडेचार तासांची ड्युटी कोण देतं?"

तेवढ्यात मागून दुसरी म्हणाली, माझी जाऊ नर्स आहे, बेलवलीला असते, ती पण घरीच आहे. तिसरी म्हणाली, आमच्या खालच्या मजल्यावर भिमाबाई सिस्टर आहेत, सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या, दिवसभर गॅलरीत बसून खालच्या पोरांना दम देतात. माधवीने वाणाची वाटी पिशवीत टाकली आणि तिथूनच खाली भिमाबाईंकडे गेली.

भिमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, केस पांढरे, पाठ ताठ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रात्रपाळी करणार नाही. जिना दिवसातून एकदाच चढेन. आणि मला कोणी आजी म्हणायचं नाही."

"सिस्टरच म्हणतील."

"मग येते. या गॅलरीचा मला कंटाळा आलाय."

पुढचा पंधरवडा माधवी घरात लग्नाची पोरगी असल्यासारखी फिरली. शिरगावात, बेलवलीत, कात्रपला. कोणाच्या सासूशी बोलली, कोणाच्या नवऱ्याशी. एका ठिकाणी सासरे म्हणाले, आमच्या घरात काय कमी आहे? माधवी म्हणाली, "तुमच्याकडे नाही हो, आमच्याकडे कमी आहे." ती जागा जमली नाही. पण तीन जमल्या. तेजल, बेलवलीची ती जाऊ आणि भिमाबाई.

तिने भगवंतला शेजारी बसवून ड्युटीचा तक्ता केला. भगवंतच्या हाताला शिफ्टचं गणित होतं. तेजल एक ते साडेचार. तिथून आठपर्यंत बेलवलीची, कारण तिचा नवरा साडेतीनला घरी येतो. भिमाबाई सकाळी नऊ ते एक, म्हणजे सकाळपाळीची एक नर्स कळांच्या खोलीसाठी मोकळी. दोन अर्ध्या बायकांची मिळून एक पूर्ण नर्स होत होती. दुपारी दोनपासून आठपर्यंत कुठल्याही घटकेला तिघी.

डॉक्टर रोहरांनी तो कागद चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला. "ये क्या है? ड्युटी है या गोधडी? साडेचारला एक जाणार, दुसरी येणार. पेशंटचं काय झालं ते हिला कोण सांगणार?"

"दुसरी पंधरा मिनिटं आधी येईल. दोघी मिळून खाटेखाटेपाशी जाऊन सांगतील, बाईच्या समोर. बाईला पण ऐकू दे तिचं काय चाललंय."

"आणि पगार? चार तासाचा?"

"चार तासांचा. पण तासाला पूर्ण. त्यात कापायचं नाही."

डॉक्टरांनी कागदावर सही केली. "एक महिना. गडबड झाली तर बंद."

गडबड पहिल्याच आठवड्यात झाली. तेजलने चार वर्षांत सुई हातात धरली नव्हती. पहिल्या सलाइनला तिला शीर सापडेना, दुसऱ्यांदाही सापडेना, आणि ती स्टोअररूममध्ये जाऊन रडायला लागली. माधवीने तिला आपला हात पुढे केला. "घे, माझ्यावर टोच. माझ्या शिरा दोरखंडासारख्या आहेत." तिसऱ्या दिवशी तेजलचा हात बसला. भिमाबाईंनी कॉम्प्युटरला हात लावायला नकार दिला आणि आठवड्यातले दोन दिवस सकाळपाळीला येणाऱ्या अक्षदाची औषधं देण्याची पद्धत बघून तिला सगळ्या वॉर्डासमोर झापलं. अक्षदा माधवीकडे तक्रार घेऊन आली.

"ताई, त्या मला शाळेतल्यासारखं बोलतात."

"चूक काय काढली?"

"गोळ्या देताना नाव विचारलं नाही म्हणाल्या. मी फक्त खाटेचा नंबर बघितला."

"मग?"

"बरोबर होतं त्यांचं."

महिना झाला तेव्हा अक्षदा भिमाबाईंचं कॉम्प्युटरचं काम करत होती आणि भिमाबाई तिला पोटावर नुसता हात ठेवून बाळ कुठे वळलंय ते ओळखायला शिकवत होत्या. बेलवलीची एकदा मुलीच्या तापामुळे आली नाही, तेव्हा तेजलच्या नवऱ्याने सुट्टी टाकून मुलाला सांभाळलं आणि तेजल आठपर्यंत थांबली. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपापसांत फोनवर ठरवलं.

डॉक्टरांनी महिन्याची मुदत संपल्याचं नाव काढलं नाही. माधवीनेही आठवण करून दिली नाही.

मार्चअखेरच्या एका दुपारी पुन्हा तिघी एकदम कळांवर आल्या. सवयीने माधवी धावतच निघाली. तिने खोलीत डोकावून पाहिलं. तेजल एकीच्या कमरेला हात देऊन तिला खोलीभर फिरवत होती, कराडच्या कुठल्याशा जत्रेची गोष्ट सांगत. अक्षदा दुसरीच्या उशाशी बसून बाळाचे ठोके मोजत होती. तिसरीची वेळ भरत आली होती. माधवीने तिला टेबलावर घेतलं, आणि पाऊण तास कोणी दारात येऊन तिला हाक मारली नाही. मुलगा झाला. माधवीने त्याला आईच्या छातीवर ठेवलं, पांघरूण घातलं, आणि मग दर पंधरा मिनिटांनी पोट तपासत, बीपी बघत तिथेच बसून राहिली. मधल्या वेळात करायला काही नव्हतं. बाईला बोलायचं होतं. तिने सांगितलं की ती वांगणीला फुलांचा धंदा करते, नवरा हार बनवतो आणि तिला स्वतःला झेंडूचा वास आवडत नाही. माधवी ऐकत होती. सतरा वर्षांत बाळंत झालेल्या बाईशी असं निवांत बोलल्याचं तिला आठवेना.

"सिस्टर, तुम्हाला दुसरी कामं नाहीत?" बाईने संकोचून विचारलं.

"हेच काम आहे माझं," माधवी म्हणाली. मग तिने पुन्हा पोटावर हात ठेवला. पिशवी नारळासारखी घट्ट लागत होती.

संध्याकाळी साडेसात वाजता तिन्ही बाळं वॉर्डात होती आणि तिन्ही आया डाळभात खात होत्या. डॉक्टर रोहरा राउंडला आल्या. प्रत्येक खाटेपाशी थांबल्या, प्रत्येक फाइल पाहिली. पंधरा-पंधरा मिनिटांची सगळी नोंद होती, तक्त्यातलं एकही घर रिकामं नव्हतं. सिस्टरांच्या टेबलापाशी येऊन त्यांनी खुर्ची ओढली आणि पाय लांब केले.

"माधवी, माझी बहीण इंदूरला आहे. सात साल से बोल रही है, आ जा. पुढच्या महिन्यात चार दिवस जाऊ?"

"जा ना मॅडम. दुसऱ्या डॉक्टरांना सांगून ठेवा आणि जा."

"यहाँ ठीक रहेगा?"

"दिवसा ठीक राहील."

डॉक्टरांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. "दिवसा म्हणजे?"

"रात्रपाळीला अजून दोघीच आहेत, मॅडम. आणि बाळं घड्याळ बघून येत नाहीत."

"हे भगवान," डॉक्टर रोहरा म्हणाल्या आणि डोक्याला हात लावून हसायला लागल्या. अक्षदाही हसली. "तू मला सोडणार नाहीस."

"कात्रपला एक आहे," माधवी म्हणाली. "तिची आई तिच्याजवळ राहायला येणार आहे, मेपासून. मुलगी आजीकडे झोपेल. मी रविवारी जाऊन बोलून येते."

"मग सांगतेस काय? जा."

आठ वाजता रात्रीच्या सिस्टर आल्या. माधवी त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेली, पंधरा मिनिटं सगळं सांगितलं, ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि खाली आली. स्कूटी सुरू करण्याआधी तिने भगवंतला फोन लावला.

"निघाले."

"आत्ता? वेळेवर?" भगवंत गडबडला. "अगं, मी अजून कुकर पण लावला नाही."

"असू दे. लावू नका. येताना पावभाजी घेऊन येते," माधवी म्हणाली आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.